चोवीस गुरूंची शाळा आणि आपली सवय

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्याकडे घराघरांतून पोथ्या बाहेर निघतात. श्रीनृसिंहसरस्वती स्वामींची जन्मभूमी कारंजा आपल्या विदर्भातलीच, अन् माहूरचं दत्तशिखरही आपल्याला फार लांब नाही. सात दिवसांत श्रीगुरुचरित्राचं पारायण करायचं, आठव्या दिवशी ब्राह्मण-सवाष्ण जेवू घालायचं, हा क्रम कित्येक घरांत आजोबा-पणजोबांपासून चालत आला आहे. तो चालत राहावा. पण या निमित्ताने एक साधा प्रश्न आपण स्वतःला विचारावा असं वाटतं. पारायण चालू असताना आपण तिथे असतो का? डोळे ओवीवर असतात, ओठ हलत असतात, पानही वेळेवर उलटलं जातं. आणि मन मात्र गॅसचा नंबर लावला की नाही, याच्यात गुंतलेलं असतं. बावन्न अध्याय पूर्ण होतात. वाचलं कोणी? सवयीने वाचलं.

या प्रश्नाचं उत्तर दत्तसंप्रदायातच फार सुंदर सापडतं. ते म्हणजे अवधूताचे चोवीस गुरू.

यदुराजाने काय विचारलं?

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात हा संवाद आहे. भगवान श्रीकृष्ण उद्धवाला तो सांगतात. यदुराजाला एक तरुण अवधूत भेटला. मूळ ग्रंथात त्याचं नाव दिलेलं नाही, पण परंपरेने तो अवधूत म्हणजेच श्रीदत्तात्रेय असं मानलं आहे. दौलताबादच्या जनार्दनस्वामींचे शिष्य संत एकनाथ महाराज यांनी याच स्कंधावर मराठीत विस्तृत टीका लिहिली, ती पैठणला सुरू होऊन १५७३ साली काशीत पूर्ण झाली. त्यामुळे हा प्रसंग आपल्याला मराठीतून निवांत वाचता येतो.

राजाचा प्रश्न असा होता : सगळं जग कामलोभाच्या वणव्यात होरपळतंय, तुम्ही मात्र गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखे शांत कसे? अवधूताने कुठल्या आश्रमाचं किंवा ग्रंथाचं नाव घेतलं नाही. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबूतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढणारा, हरीण, मासा, पिंगला, टिटवी, लहान मूल, कुमारिका, बाण करणारा, साप, कोळी आणि कुंभारीण माशी अशी यादी त्याने दिली.

आता बघा, या यादीतलं आपण न पाहिलेलं काय आहे? जवळजवळ काहीच नाही. पतंग तर आपल्या ट्यूबलाइटभोवती रोज मरतो. आपण सकाळी झाडूने गोळा करून टाकून देतो. अवधूताने तोच पतंग थांबून पाहिला. फरक एवढाच आहे, पण त्या एवढ्यातच गुरू आणि कचरा हा फरक पडतो.

पतंग, हत्ती, हरीण आणि मासा

या चौघांचं दुःख एकाच जातीचं आहे. पतंगाला रूप दिसतं, तो झेपावतो. हत्तीला स्पर्शाची ओढ, तो बांधला जातो. हरणाच्या कानावर गाणं पडतं, ते जाळ्यात येतं. माशाला आमिषाची चव, तो गळाला लागतो. चौघांमध्येही समोरची गोष्ट आणि आपली कृती, यांच्यामध्ये क्षणभराचीसुद्धा जागा नाही. दिसलं की गेला.

माणसाला ती जागा दिलेली आहे. सजगता म्हणजे तरी काय, तो मधला क्षण वापरणं. फोन ‘टिंग’ वाजला की हात आपोआप खिशात जातो, तेव्हा आपण हरणाच्या रांगेत उभे असतो. हे नुसतं अध्यात्म नाही बरं का. आमच्या वयाच्या माणसांची आयुष्यभराची पुंजी आज याच एका क्षणावर अवलंबून आहे. ‘पैसे पाठवले आहेत, पिन टाका’ असं कोणी म्हटलं की बोटं पिन टाकू लागतात, कारण भाजीवाल्याकडे रोज तेच करायची सवय लागलेली असते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही; पैसे द्यायलाच लागतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कारवाईही आपल्या कायद्यात नाही. हे मनाला माहीत असतं, बोटांना माहीत नसतं. मध्ये एक श्वास घेतला की मनाला बोलायला वेळ मिळतो. अन् तरीही घात झालाच, तर लाजत बसू नये, ताबडतोब १९३० वर फोन करावा.

बाण करणारा

इथे कोणी शंका काढेल. चोवीस गुरूंमधला बाण करणारा कारागीर बाण सरळ करण्यात असा गढला होता, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळलं नाही. मग तोही बेसावधच म्हणायचा ना?

आपणही घरून निघतो, सीताबर्डीला पोचतो, आणि व्हेरायटी चौक कधी ओलांडला ते आठवत नाही. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. पण कारागिराचा हात जिथे होता, तिथेच त्याचं मन होतं. आपला हात हँडलवर होता, मन भलतीकडेच. त्याचं न कळणं एकाग्रतेचं, आपलं न कळणं गैरहजेरीचं. जपाला बसल्यावर हाच फरक तपासायचा आहे. माळ फिरते आहे, हे काही मन हजर असल्याचं प्रमाण नव्हे.

सवय वाईट आहे का?

मुळीच नाही. सवय नसती तर चपलेत पाय घालायलाही विचार करावा लागला असता. माझी नोकरी बँकेत गेली, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. शंभर नोटांची गड्डी मोजताना मुरलेल्या कॅशियरची बोटं आपोआप चालतात. ती सवय नसेल तर काउंटरवरची रांग दुपारपर्यंत हलणार नाही. पण गड्डीतली खोटी नोट सवयीला सापडत नाही, ती लक्षाला सापडते. म्हणूनच बँकेत व्हाउचर एकाने बनवायचं अन् दुसऱ्याने तपासून सही करायची, अशी रीत आहे. यातली मेख अशी, की तपासणाऱ्यालाही सहीची सवय लागू शकते. तसं झालं की सह्या दोन दिसतात, तपासणारा कोणीच नसतो.

साधनेचंही असंच होतं. पहाटे उठणं, स्नान, पूजा, नामस्मरण हा नियम. नियम आपल्याला देवापुढे आणून बसवतो. पुढे काय करायचं ते मात्र नियमाच्या हातात नाही. ‘आज किती अध्याय झाले?’ एवढंच विचारत राहिलो तर पारायणही मार्च एंडच्या टार्गेटसारखं होऊन बसतं.

स्मरण हाच सजगतेचा अर्थ

श्रीदत्तात्रेयांना आपण ‘स्मर्तृगामी’ म्हणतो, म्हणजे स्मरण करणाऱ्याकडे धावून येणारे. आपलं नागपूर दीक्षाभूमीचंही गाव आहे. भगवान बुद्धांच्या उपदेशात सजगतेला पाली भाषेतला शब्द आहे ‘सति’, आणि ‘सति’ म्हणजे संस्कृतातली ‘स्मृति’. दोन्हीकडे मूळ एकच : स्मरणं, भान येणं. दत्तप्रभू नुसत्या तोंडच्या उच्चाराने येतात की भानावर असलेल्या हाकेने, हे ज्याने त्याने आपल्याशी ठरवावं.

पिंगलेची गोष्ट इथेच आठवते. विदेह नगरीतली ती गणिका रोजच्यासारखी दारात उभी राहिली. आत-बाहेर करता करता मध्यरात्र झाली, पण कोणी आलं नाही. तेव्हा प्रथमच तिच्या मनात आलं, मी वाट पाहते आहे ती कोणाची? दार तेच, रात्र तीच. फक्त स्वतःकडे पाहणं नवं होतं. आशा सुटली, आणि ती शांत झोपली.

घरात काय उपयोग?

मंदिरात नेहमी भेटणारे एक वृद्ध गृहस्थ पत्नी गेल्यावर म्हणाले होते, “शेवटच्या दिवशी तिने काय वाढलं ते आठवतं हो, पण जेवताना ती काय बोलत होती, ते काही केल्या आठवत नाही. मी ‘हं, हं’ करत होतो.” या दोन वाक्यांत सगळा पाठ आला. सवयीची खरी किंमत आपण वेळेत मोजत नाही, माणसांत मोजतो. समोर असलेलं माणूस हजर असूनही आपण त्याला गमावत असतो.

अवधूत शेवटी सांगतो, की माझा देहसुद्धा माझा गुरूच आहे, विवेक आणि वैराग्य तोच शिकवतो. साठीनंतर हा पंचविसावा गुरू रोज वर्ग घेतो! गुडघा दुखला की पायरी जपून चढली जाते. तेच जपणं बोलण्यात आलं की झालं.

यंदाच्या जयंतीपासून तीन लहान गोष्टी करून पाहूया.

१) पारायणात दर अध्यायाच्या शेवटी पोथी क्षणभर थांबवावी आणि आत्ता काय वाचलं, ते एका वाक्यात मनाशी म्हणावं. सांगता आलं नाही तर खंत करू नये, पुढच्या अध्यायाला जागं राहावं.

२) फोन वाजला, कोणी टोचून बोललं, किंवा पैशाचा व्यवहार आला, की आधी एक श्वास आणि एकदा ‘दत्त’. उत्तर त्यानंतर.

३) दिवसातलं एक जेवण टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून करावं. वाढणाऱ्याचं बोलणं ऐकावं अन् त्याच्याकडे पाहून उत्तर द्यावं.

मन पुन्हा पुन्हा सवयीकडे पळेल. पळालं हे ध्यानात आलं, तोच भानावर येण्याचा क्षण. तिथूनच पुन्हा सुरुवात करावी. असे क्षण वाढोत, आणि चोवीस गुरूंना पाहणारी ती दृष्टी आपल्यालाही लाभो, हीच श्रीदत्तचरणी प्रार्थना.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!