जनुकशास्त्राकडे वळायचंय? आधी रोजचं काम पाहा

‘बायॉलॉजी आवडतं, पण डॉक्टर व्हायचं नाही,’ असं मुलीनं सांगितलं की आईबाबांच्या पोटात गोळा येतो. पुढे काय? जनुकशास्त्र हा चांगला पर्याय आहे. मात्र पदवीचं भारदस्त नाव पाहून तो निवडू नका.

झेब्राफिशवरचं संशोधनच घ्या. अंगावर निळे पट्टे असलेला हा इवलासा मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. जनुकशास्त्रात त्याला मानाचं स्थान मिळवून दिलं ते अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी. 2013 मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांची भावंडं त्यात सापडली. शिवाय गर्भ पारदर्शक. 24 तासांच्या सुमारास त्याचं हृदय धडधडू लागतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतं.

आता काम कसं चालतं ते पाहा. संध्याकाळी नर-मादी एका टाकीत ठेवायचे, मध्ये पडदा घालायचा. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. अंडी जाळीतून खाली पडतात. फलित अंड्यातल्या पेशीचं पहिलं विभाजन व्हायला जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात अतिसूक्ष्म काचेच्या सुईनं एकेका अंड्यात क्रिस्परचं, म्हणजे जनुकात बदल करणाऱ्या तंत्राचं, मिश्रण टोचायचं. ते मासे मोठे व्हायला तीन महिने, पुढच्या पिढीला आणखी तीन, आणि बदललेल्या जनुकाचा परिणाम बहुधा त्याही पुढच्या पिढीत तपासायचा. ही चिकाटी अंगात आहे का, हे बारावीच्या टक्क्यांवरून कळत नाही.

वाटा दोन. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचा बीएस-एमएस, किंवा बीएस्सी आणि मग एमएस्सी. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी केली म्हणून काही बिघडत नाही. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज मात्र करा. संख्याशास्त्र आणि थोडं कोडिंग आत्ताच शिकून घ्या. मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आघारकर संशोधन संस्था इथे झेब्राफिशवर काम चालतं.

पालकांना पैशांची काळजी वाटते, ती रास्तच आहे. पीएचडीसाठी नेट-जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. पण पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात आणि स्थिर नोकरी तिशीनंतरच. घरावर कर्ज असेल तर हे आधीच मोकळेपणानं बोला.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संस्था सर्वांसाठी खुल्या असतात. मुलीला घेऊन जा. तिथे पीएचडी करणाऱ्यांना विचारा: फेलोशिप वेळेवर येते का, मार्गदर्शक किती वेळ देतात, आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत?