राहत्या घरातील पाळणाघर

प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर ज्या मुलींच्या नावापुढे वारंवार गैरहजेरीची खूण पडते, त्यांपैकी कित्येकींच्या कडेवर त्या वेळी धाकटे भावंड असते. आई कामावर गेलेली, घरात दुसरे मोठे माणूस नाही. मग आठ-नऊ वर्षांची बहीणच आई होते. ही गोष्ट शिक्षकांस नवी नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. बोर्डी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते; २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. पुढे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले, तेव्हा तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र गुंफण्यात आली. थोरलीने शाळेत बसावयाचे, तर धाकट्यास जवळच कोणी तरी सांभाळले पाहिजे, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

कल्याणात परिस्थिती निराळी, परंतु हिशेब तोच. सकाळच्या गाडीने आई-वडील दोघेही मुंबईकडे निघतात. आजी बहुधा गावी असते. अशा वेळी चाळीतील किंवा सोसायटीतील एखादी गृहिणी शेजारची दोन मुले सांभाळू लागते. दोहोंची आठ होतात आणि दारावर पाटी लावण्याचा विचार मनात येतो. पाटी लागेपर्यंत तो शेजारधर्म असतो. पाटी लागली की तो व्यवसाय होतो व त्यास नियम लागू होतात. ते विचारण्यासाठी ती बाई पुष्कळदा जवळच्या शाळेतील बाईंकडेच येते.

प्रथम जागेचा प्रश्न. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका ज्या कारणासाठी दिलेली असते त्याच कारणासाठी वापरावी, असा उपविधींचा दंडक आहे. म्हणून संस्थेच्या समितीची लेखी संमती घ्यावी; घर भाड्याचे असल्यास मालकाचीही घ्यावी. तोंडी होकारावर विसंबू नये. दुपारच्या झोपेत चार मुलांचे रडणे ऐकू आले की असा होकार कोणासही आठवत नाही. त्यानंतर निवासी जागेच्या अशा वापरास काय लागते, याची चौकशी कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या नगररचना व अग्निशमन विभागांकडे करावी. तालुक्यातील गावी ग्रामपंचायतीकडे करावी. पगारी माणसे ठेवावयाची असल्यास दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा राज्य अधिनियमही पाहून घ्यावा.

मुलांची संख्या किती असावी, हा खरा कसोटीचा प्रश्न होय. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. त्यास अनुसरून २०१८ साली केंद्र शासनाने किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या मालकांसाठी आहेत, घरगुती पाळणाघरासाठी नव्हेत. तथापि माप म्हणून त्या उपयोगी पडतात. दर मुलामागे दहा ते बारा चौरस फूट जागा व तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सांभाळणारी, असे ते माप आहे. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीत या हिशेबाने दहा-बारा मुले बसतात. पण कपाट, पलंग व शिवणयंत्र यांनी व्यापलेली जागा वजा केली, तर आठ मुलेही दाटीने बसतील. शिवाय त्यांतील तिघे पाळण्यातले असतील, तर एका बाईचे दोन हात आठांनाही अपुरे पडतात. मिळकत वाढावी म्हणून नववे मूल घेण्याचा मोह येथेच आवरावयास हवा.

स्वयंपाकघरास आडवे दार, गच्चीस जाळी व औषधे उंचावर, हे सर्वांस सुचते. न्हाणीघरातील भरलेली बादली मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. पाणी साठविण्याची सवय असलेल्या घरांत पिंपे व बादल्या झाकणाविना उभ्या असतात, आणि रांगत्या मुलास बुडावयास वीतभर पाणी पुरे होते.

तळमजल्याची जागा मुलांस सोयीची म्हणतात. परंतु वालधुनी व उल्हास नदीकाठच्या सखल वस्तीत हा सल्ला तपासून घ्यावा. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कल्याण परिसरातील अनेक घरांत पाणी शिरले, रेल्वे बंद पडली आणि कामावर गेलेली माणसे त्या रात्री घरी पोहोचू शकली नाहीत. तसा दिवस पुन्हा उजाडला तर मुले रात्रभर कोणाकडे, काय खाऊन व कोठे निजून राहावयाची, हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे. दुधाची भुकटी, कोरडे कपडे, विजेरी आणि प्रत्येक मुलाच्या जवळच राहणाऱ्या एका नातलगाचा दूरध्वनी क्रमांक, इतके तरी घरात असावे. मूल कोणाच्या स्वाधीन करावयाचे त्यांची नावे पालकांकडून लिहून घ्यावीत. वहीत नाव नसेल, तर सख्ख्या काकासही मूल देऊ नये. काका रागावला तरी चालेल.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूर येथे शाळकरी बालिकांवर जो अत्याचार उघडकीस आला, त्यानंतर पालक अधिक प्रश्न विचारू लागले असतील तर ते योग्यच होय. घरातील पुरुष मंडळी, पाहुणे व भाडेकरू दिवसा कोठे असतात, हे विचारले असता पाळणाघरवालीने अपमान मानू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा अपराध घडल्याचे वा घडण्याचा संभव असल्याचे ज्यास कळले, त्याने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. शेजारीपणाखातर गप्प राहण्याची मुभा तो कायदा देत नाही.

आणखी एक गोष्ट. मुले वाढली की मदतीला कोणी तरी हवे असते, आणि ओळखीतील बारा वर्षांची एखादी मुलगी थोडक्या पैशांत मिळते. तिला कामास ठेवणे बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्याने व त्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने निषिद्ध आहे. शेजारणीच्या मुलीची शाळा सुटू नये म्हणून उघडलेल्या पाळणाघराने दुसरीची शाळा सोडवावी, ही मोठीच विपरीत गोष्ट होईल. पाळणाघरात अशी मुलगी दिसली, तर तिचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर आहे, हे शिक्षिकेने पहिल्या भेटीतच विचारावे.