यमकशब्द : कानापासून चित्राकडे

इयत्ता पहिलीस 'मोर, बोर, दोर' हे शब्द शिकविताना शिक्षकबंधुभगिनींनी प्रारंभी फळ्यावर काहीही लिहू नये. शब्द स्पष्ट उच्चारून त्यांशी जुळणारे शब्द मुलांकडूनच काढवून घ्यावेत. एखादे मूल 'घर' म्हणेल. शेवटी 'र' असला तरी त्याआधीचा 'ओ' हा स्वर तेथे नाही, म्हणून यमक जुळत नाही. हे न रागावता, 'मोर–घर' व 'मोर–बोर' या जोड्या ऐकवून पटवावे. नंतर प्रत्येकाने एका शब्दाचे चित्र काढून त्याखाली तो शब्द लिहावा व मोठ्याने वाचावा.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातून ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांतील मुले हंगामाअखेर परततात, तेव्हा अक्षरे अनेकदा विसरलेली असतात. कान मात्र विसरलेला नसतो. त्यांस मागे न बसविता चित्रापासून पुन्हा आरंभ करावा.