19 फेब्रुवारी की 1 मार्च?

प्रश्न : शाळेच्या फळ्यावर दिनविशेषात शिवजन्माची तारीख 19 फेब्रुवारी 1630 अशी लिहिली होती. आठवीतल्या एका मुलाने मोबाइलवरच्या पंचांगात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 शोधली, तर 1 मार्च 1630 आली. आता वर्गात वाद पेटला आहे. खरं काय?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : दोन्ही खरं. तो एकच शुक्रवार आहे.

मुळात जुन्या नोंदीत इंग्रजी तारीख नाहीच. जेधे शकावलीत आहे ती तिथी आणि वार. ही शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली. त्याआधी 1627 हे जन्मवर्ष धरण्याची रीत होती. तिथीवरून तारीख अभ्यासकांनी मागाहून काढली, आणि ती इंग्रजांच्या त्या काळच्या, म्हणजे ज्युलियन कॅलेंडरने.

इथेच गोम आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 मध्ये कॅलेंडर सुधारलं आणि 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला. पोर्तुगालने ते लगेच मान्य केलं. प्रोटेस्टंट इंग्लंड मात्र पोपचं कशाला ऐकेल? ते 1752 पर्यंत हटून बसलं. त्यामुळे शिवकाळात पोर्तुगीजांची तारीख सुरतेच्या इंग्रजांपेक्षा 10 दिवस पुढे असायची. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता. त्याच्या हिशेबाने तो दिवस 6 जून 1674, पोर्तुगीज हिशेबाने 16 जून. महाराजांच्या निधनाची 3 एप्रिल 1680 हीसुद्धा जुन्याच पद्धतीची. आजच्या पद्धतीने 13 एप्रिल. पानिपतची 14 जानेवारी 1761 मात्र बदलत नाही, कारण तोवर इंग्लंडही सुधारलं होतं.

आणखी एक गंमत मुलांना सांगा. इंग्रजांचं वर्ष तेव्हा 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे शिवजन्माच्या दिवशी लंडनच्या सरकारी कागदावर साल 1629च पडलं असणार!

मग तारीख बदलायची का? अमेरिकेने बदलली. जॉर्ज वॉशिंग्टन जन्मले तेव्हा तिथल्या कॅलेंडरवर 11 फेब्रुवारी 1731 होती. जयंती ठरली 22 फेब्रुवारी 1732 धरून. आपल्याकडे शासनाने 19 फेब्रुवारी स्वीकारली, इतिहासाची पुस्तकंही शिवकाळाच्या तारखा जुन्याच पद्धतीने छापतात. एकटी शिवजयंती हलवली तर अफझलखानवधापासून राज्याभिषेकापर्यंत सगळंच हलवावं लागेल, आणि पुढच्या पिढीच्या डोक्यात दुप्पट घोळ होईल. माझ्या मते आहे ते बरं आहे. तिथीप्रमाणे जयंती करणाऱ्यांना तर हा पेच पडतच नाही.

फळ्यावर 19 फेब्रुवारीच ठेवा, पण शेजारी तिथी, शक आणि वार लिहा. दोन कॅलेंडरांतल्या तारखा जुळतात की नाही हे वारावरून चटकन कळतं. आणि त्या मुलाला शाबासकी द्यायला विसरू नका.