जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी: बूटेबल पेनड्राइव्ह घरच्या घरी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्या दिवशी एकही लॅपटॉप बंद पडला नाही, पण सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या सरसकट मिळणं थांबलं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. डाळज, भिगवण, इंदापूरकडे घराघरांत जे लॅपटॉप आहेत, त्यांतले बरेच पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने किंवा पुतण्याने वापरून दिलेले. त्यांतल्या अनेकांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. मग दुकानात ‘विंडोज मारून द्या’ म्हटलं की कुठून आली, कशी चालू केली याचा पत्ता नसलेली प्रत चढते. त्याच लॅपटॉपवर आपण बँकेचं खातं उघडतो. माझं स्पष्ट मत आहे की यापेक्षा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट बरं. ते मोफत आहे, रीतसर आहे आणि त्याचा पेनड्राइव्ह आपला आपल्याला बनवता येतो.

आधी यंत्र पाहा. मिंट २२ ला ६४ बिटचा प्रोसेसर, किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. ग्रामपंचायतीचा किंवा सेवा केंद्राचा संगणक मात्र या वाटेला नेऊ नका. डिजिटल सहीच्या टोकनची आणि सरकारी कामांची काही सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदारांनाही हेच सांगेन.

आता सगळ्यांत महत्त्वाचं काम, म्हणजे माहिती बाहेर काढणं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. सातबाऱ्याच्या पीडीएफ, कारखान्याची ऊसबिलं, मुलांचे दाखले डाउनलोड्समध्येच पडलेले असतात आणि नेमके तेच राहून जातात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत उतरवून घ्या. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले अर्ज, पत्रिका, ठराव असतील तर विंडोज चालू आहे तोवरच त्यांची पीडीएफ करा. हा मजकूर युनिकोडमध्ये नसतो, त्यामुळे तो फॉन्ट नसला की पडद्यावर अर्थहीन चिन्हं दिसतात. घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मिंट बसवण्याची आयएसओ फाइल साधारण पावणेतीन-तीन जीबीची असते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटात ती मावत नाही. मिंटच्या संकेतस्थळावर टॉरंटची सोय आहे, ती वापरा. रात्री अकराच्या सुमारास सुरू करा. आजचा डेटा संपला की मध्यरात्रीनंतर उद्याच्या डेटात तिथूनच पुढे चालू होतं. टॉरंटमध्ये उतरलेला प्रत्येक तुकडा तपासलाही जातो. बारामतीला कॉलेजात जाणारं कोणी घरात असेल तर तिथल्या वायफायवर हे काम लवकर उरकेल.

फाइल थेट उतरवली असेल किंवा कोणाकडून आणली असेल तर ती तपासायलाच हवी. बियाणं पेरण्याआधी आपण उगवण पाहतो, तसंच हे. डाउनलोडच्या पानावरच एसएचए-२५६ नावाची लांबलचक अक्षरांकांची ओळ देणारी छोटी फाइल असते. विंडोजवर सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर टाका, आयएसओवर उजवं क्लिक करून त्याच्या यादीतून एसएचए-२५६ काढा आणि दोन्ही ओळी ताडून पाहा. एक अक्षरही वेगळं निघालं तर फाइल टाकून द्या. मध्येच बंद पडणाऱ्या इन्स्टॉलेशनमागे अनेकदा अर्धवट उतरलेली फाइल असते, आणि आपण दोष लॅपटॉपला देत बसतो.

आता पेनड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. संगणक सुरू होताना बूटची फाइल ठरलेल्या जागी शोधतो आणि ती आयएसओच्या पोटात असते. ती बाहेर काढून योग्य जागी मांडण्याचं काम रुफस हे छोटं, मोफत सॉफ्टवेअर करतं. रुफस उघडा आणि ‘डिव्हाइस’मध्ये आपलाच पेनड्राइव्ह दिसतोय ना, हे जीबीचा आकडा पाहून पक्कं करा. बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर आधी काढून ठेवा. ‘सिलेक्ट’ दाबून आयएसओ निवडा. ‘पार्टिशन स्कीम’मध्ये एमबीआर ठेवा, म्हणजे जुनं बायोस आणि नवं यूईएफआय दोन्हींवर पेनड्राइव्ह चालेल. ‘स्टार्ट’ दाबल्यावर रुफस लिहिण्याची पद्धत विचारतं, तिथे शिफारस केलेली घ्या. पट्टी पूर्ण भरेपर्यंत पेनड्राइव्हला हात लावू नका.

यूएसबीवरून सुरूच न होणारं फार जुनं यंत्र असेल आणि त्याचा डीव्हीडी ड्राइव्ह शाबूत असेल, तर ४.७ जीबीची कोरी डीव्हीडी चालते. ७०० एमबीच्या सीडीत मिंट मावत नाही. आयएसओवर उजवं क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडा. इथेही फाइल नुसती ओढून टाकली तर डिस्क बूट होत नाही.

पेनड्राइव्ह लावा, लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि लगेच बूटची कळ दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. वेळ साधत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’मधून पेनड्राइव्ह निवडा.

मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालू होतं. तुम्ही इन्स्टॉल सुरू करेपर्यंत लॅपटॉपच्या डिस्कवर ते काही बसवत नाही. या सोयीचा पुरेपूर फायदा घ्या. वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा पाहा. घरचा प्रिंटर जोडून एक पान छापून बघा. मराठी मजकूर असलेली पीडीएफ उघडा. वायफाय मिळालंच नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्या इंटरनेटवर बऱ्याचदा वायफायचा ड्रायव्हरही मिळतो. काही अडलंच तर पेनड्राइव्ह काढून टाका, विंडोज जागेवर आहे.

सगळं पटलं की मगच ‘इन्स्टॉल’. भाषेच्या यादीत मराठी आहे, मल्टिमीडिया कोडेकवर खूण करा. पुढे येणारा प्रश्न सावकाश वाचा: विंडोजशेजारी मिंट ठेवायचं की सगळी डिस्क पुसायची? दोन्ही ठेवायची असतील तर विंडोजमधलं डिव्हाइस एन्क्रिप्शन आधी बंद करून घ्या. पुसण्याचा पर्याय निवडून पुढे गेलात की मागे फिरता येत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर या कामाला अर्धा तास तरी धरा. अशा लॅपटॉपची बॅटरी अनेकदा दहा मिनिटंही टिकत नाही, तेव्हा गावातलं भारनियमनाचं वेळापत्रक पाहून वीज असेल अशाच वेळी बसा.

मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. पेनड्राइव्ह लगेच पुसू नका. लॅपटॉप कधी उठलाच नाही तर पेनड्राइव्हवरून चालू करून आतल्या फाइली बाहेर काढता येतात, आणि वाडीवस्तीवर दुसऱ्या कोणाला मिंट टाकायचं असेल तर त्यांना पुन्हा तीन जीबी उतरवावे लागणार नाहीत.