आपल्या गावाची बातमी मोबाइलवर कशी शोधावी?

ताईंनो, तळेगाव–चाकण रस्ता रुंद होणार म्हटलं, की रस्त्याकाठी टपरी, खानावळ चालवणाऱ्या आपल्या जिवाला घोर लागतो. राष्ट्रीय महामार्ग कायद्याने जमीन घ्यायची झाली, तर राजपत्रात अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला २१ दिवसच मिळतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका, बातमी स्वतः शोधा.

१. गुगलवर नुसतं महाळुंगे टाकलं, तर बालेवाडीजवळचं महाळुंगेही येतं. त्यासाठी असं लिहा: "महाळुंगे इंगळे" -बालेवाडी. अवतरणचिन्हातले शब्द जसेच्या तसे शोधले जातात. वजाचं चिन्ह शब्दाला चिकटून दिलं, की ते गाव गळतं.

२. काही जण 'म्हाळुंगे' लिहितात. तसंही शोधा.

३. 'बातम्या' दाबा, तारीख बघा. जुनीच बातमी पुन्हा फिरत असते.

४. रोज शोधायला वेळ कुठला? 'गुगल अलर्ट्स' उघडा, "तळेगाव चाकण" रुंदीकरण लिहा, 'दिवसातून एकदा' निवडा. नवी बातमी सापडली, की ई-मेल येईल.

बातमी म्हणजे नोटीस नव्हे. आपला गट नंबर घेऊन तलाठी कार्यालयात विचारा, शक्यतो लेखी.

पुढच्या बैठकीत सगळ्या मिळून एक अलर्ट लावूया!