रात्रीच्या गाडीचं गणित

आपल्या होस्टेलचं घड्याळ जगापेक्षा चार तास मागे चालतं, हे काही नव्याने सांगायला नको. मेस साडेआठला बंद होते आणि खरी भूक लागते साडेअकराला. सबमिशनच्या आठवड्यात तर विचारूच नका! मग कुणीतरी 'चल रे, हायवेला जाऊन येऊ' म्हणतो, कुणाच्या तरी गाडीची किल्ली निघते आणि पाच मिनिटांत आपण गेटबाहेर. वॉचमन काकांना काय सांगायचं तेही सगळ्यांना पाठ आहे. (जर्नलची झेरॉक्स काढायला जातोय काका. रात्री बारा वाजता!)

मीही असाच जायचो. अजूनही कधी कधी जातो. त्यामुळे 'रात्री बाहेर जाऊ नका' असं सांगायला हा लेख लिहीत नाहीये, त्यासाठी रेक्टर सर समर्थ आहेत. मला एका गणिताबद्दल लिहायचं आहे. सिव्हिलवाल्यांना ते थर्ड इयरला असतं. बाकीच्या ब्रँचना नसतं, पण गाडी सगळेच चालवतात.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. ऊसपट्ट्यात कॉलेज असल्यामुळे डिसेंबर म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. कारखाने जोरात, आणि रस्ता रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा. मी आणि माझा रूम पार्टनर डबलसीट ढाब्यावर गेलो होतो. अंडाकरी खाल्ली आणि एकच्या सुमारास परत निघालो. गाडी माझी, चालवत मी. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्याच्या नव्हतं. एकच होतं ना! थंडी मरणाची, म्हणून लवकर पोचायचं. काटा सत्तरवर असेल. समोरून एक ट्रक आला, फुल अपरवर. मी दोनदा डिपर मारून पाहिला, त्याने काही लाइट खाली केला नाही. तो शेजारून गेला आणि माझ्यासमोर नुसता काळा पडदा. दिसत काहीच नव्हतं, पण मी अॅक्सिलरेटर सोडला नाही. रस्ता रोजचाच ना, सरळ तर आहे.

त्या सरळ रस्त्यावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, रेडियम नाही. ब्रेक लावल्याचं मला आठवत नाही. हँडल उजवीकडे ओढलं एवढं आठवतं. मी जवळजवळ वाचलो. ट्रॉलीचा मागचा कोपरा पार्टनरच्या डाव्या पायाला लागला, आणि पुढे आम्ही दोघेही घसरत गेलो. त्याचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला, डोक्याला सात टाके पडले. माझं हेल्मेट एका बाजूने खरवडून पांढरं झालं होतं. ट्रॅक्टरवाल्यानेच धावत येऊन स्वतःची चादर त्याच्या अंगावर टाकली, १०८ ला फोन केला आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मोबाइलची बॅटरी हलवत रस्त्यात उभा राहिला. 'पोरांनो, मी दगड लावलं हुतं ओ मागं,' असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. लावले होतेच. पण काळ्या डांबरावर काळे दगड, दिसणार कुणाला?

सोळा दिवसांनी ट्रान्सपोर्टेशनचा पेपर होता. पार्टनर पायात रॉड घालून घरी, त्याचं सेमिस्टर गेलं. मी पेपरला बसलो, आणि दुसऱ्याच प्रश्नात स्टॉपिंग साइट डिस्टन्स! वेग ताशी ८० किलोमीटर, रिअॅक्शन टाइम अडीच सेकंद, घर्षणांक ०.३५. मी ते गणित सोडवलं, उत्तर १२७ मीटरच्या पुढे आलं, खाली दोन रेघा मारल्या. सात पैकी सात मिळाले असणार. पेपर टाकून बाहेर आल्यावर मात्र पोटात कालवल्यासारखं झालं, कारण हे गणित मला डिसेंबरच्या त्या रात्रीही येत होतं.

आता इतर ब्रँचच्या मित्रांसाठी थोडक्यात. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसणं, मेंदूला कळणं आणि हात ब्रेकवर जाणं यात वेळ जातो. तोवर गाडी त्याच वेगाने धावत असते. हे झालं पहिलं अंतर. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं ते दुसरं, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे वेग दुप्पट केला की हे अंतर चौपट. दोन्हींची बेरीज म्हणजे थांबायला लागणारा रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेस रस्त्याच्या डिझाइनसाठी ताशी ४० ला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर धरते. कुणी म्हणेल, हे आकडे फारच जपून धरलेले आहेत, आमचे ब्रेक चांगले आहेत. ठीक. रस्ता कोरडा, टायर नवे, माणूस चलाख, दीड सेकंदात ब्रेक लावणारा, घर्षणांक ०.७ असं सगळं आपल्या बाजूने धरू. तरी ४० ला साधारण २६ मीटर, ६० ला ४५ मीटर आणि ८० ला ६९ मीटर लागतातच.

हे झालं थांबण्याचं. दिसण्याचं काय? ते पुस्तकात सापडेना, म्हणून आम्ही मोजलं. सुटीनंतर सर्व्हे लॅबमधून तीस मीटरची टेप घेतली (सही करून!) आणि रात्री दहानंतर कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर, जिथे दिवे नाहीत तिथे, मी गाडी उभी केली. डिपर लाइट. एका ज्युनिअरला काळं जर्किन घालून समोरून चालत यायला सांगितलं. मला तो नक्की दिसला तेव्हा अंतर भरलं तीस मीटरच्या जरा आत. मग पांढरा शर्ट घालून तोच आला, तेव्हा पन्नासच्या आसपास दिसला. शेवटी त्याच्या दंडाला रेडियमची पट्टी गुंडाळली. शंभर मीटरपर्यंत मोजलं, पट्टी त्याच्याही पलीकडून चमकत होती. शेवटी आम्हीच कंटाळलो.

यात एक गोम आहे. तो येणार हे मला माहीत होतं, मी डोळे फाडून वाट बघत बसलो होतो आणि माझी गाडी उभी होती. रस्त्यावर अशी सूचना देऊन कुणी येत नाही. तरीही तीसच मीटर धरू. सत्तरच्या वेगाला गाडी सेकंदाला साडेएकोणीस मीटर जाते. दीड सेकंदात एकोणतीस मीटर. म्हणजे काळी वस्तू दिसल्यापासून माझा हात ब्रेकवर जाईपर्यंतच तीस मीटर संपलेले! ब्रेक आठवत का नाही, ते मला त्या दिवशी कळलं. लागलाच नव्हता. उलट गणित करून पाहा. तीस मीटरमध्ये पूर्ण थांबायचं तर सगळं आपल्या बाजूने असतानाही वेग ताशी ४५ च्या वर चालत नाही. पावसात तर त्याहून कमी.

कॉलेजच्या बसवर जे मामा आहेत, त्यांना मी हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून कागद बघितला, परत दिला आणि म्हणाले, "उजेड संपला की रस्ता संपला असं धरायचं. पुढं रस्ता आहे हे तुला ठाऊक असंल, गाडीला ठाऊक नाही." तीस वर्षं रात्रीच्या गाड्या चालवलेला माणूस. मला सहा सेमिस्टर लागली.

समोरच्या अपरचं काय करायचं, हेही त्यांनाच विचारलं. त्यांचं म्हणणं, त्याच्या लाइटकडे बघायचंच नाही. नजर आपल्या डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची, आणि तो येतोय हे दिसल्याबरोबर, शेजारून जायच्या आधीच, वेग उतरवायचा. याला शास्त्रीय आधार आहे. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि ती कमाई एका झगझगीत लाइटने क्षणात जाते. नीट दिसू लागायला काही सेकंद जातात. पाच सेकंद धरले तर ताशी ६० च्या वेगाने आपण त्र्याऐंशी मीटर आंधळे जातो. आणि बदला म्हणून आपणही अपर मारायचा, हा प्रकार कृपया नको. आता रस्त्यावर एकाच्या जागी दोन आंधळे झाले!

आपल्याही गाड्या काही कमी नाहीत. जुन्या हॅलोजनच्या कपात बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब बसवून 'काय उजेड पडतो बघ' म्हणणारे प्रत्येक विंगमध्ये दोन-तीन आहेत. मेकॅनिकलवाल्यांनो, तुम्ही तरी सांगा त्यांना. रिफ्लेक्टरचा आकार हॅलोजनच्या तारेच्या जागेसाठी काढलेला असतो. प्रकाश त्या जागेवरून निघाला नाही तर तो रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. डबलसीट बसल्यावर गाडी मागे दबते आणि लाइट वर जातो. मग झाडाचे शेंडे छान दिसतात, रस्ता नाही. मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचं सेटिंग किंवा हेडलाइटचा स्क्रू, दोन मिनिटांचं काम आहे. हेल्मेटच्या काचेवर बारीक चरे असतील तर समोरचा प्रत्येक दिवा फुटून चांदण्यांसारखा दिसतो, ती काच बदलून टाका. काळ्या काचेचं हेल्मेट रात्री घालणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. आणि मागचा लाल दिवा! एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट आपोआप चालू असतो, त्यामुळे लाइटकडे बघायची सवयच गेली. मागचा गेलेला असतो आणि महिनोन्महिने कळत नाही. गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, भिंतीवर लाल पडतंय का बघा.

झोपेबद्दल थोडं, कारण सबमिशन संपलं की लगेच 'रात्री निघू, सकाळी गोव्यात' सुरू होतं. दोन रात्री जर्नल लिहून तिसऱ्या रात्री आंबोलीचा घाट उतरणारे महाभाग आपल्यातच आहेत. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीराला झोप हवीच असते, आपली इच्छा असो वा नसो. डोळा लागतो तो दोन-तीन सेकंदच, आणि लागला होता हे आपल्याला कळतही नाही. ८० च्या वेगाला तीन सेकंद म्हणजे सदुसष्ट मीटर. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं याने थोडा वेळ बरं वाटतं, झोप जात नाही. चहा-कॉफीचा असर व्हायलाही अर्धा तास लागतो. म्हणून चहा प्यायचा आणि ढाब्याच्या आवारात गाडी लावून वीस मिनिटं सरळ झोपायचं. पेंगणारा ड्रायव्हर 'मी ठीक आहे' असंच म्हणतो, तेव्हा शेजारी बसलेल्याने जागं राहायचं आणि निर्णय त्याने घ्यायचा. घाटात धुकं लागलं तर अपर लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते.

आता रेडियम. आपण ज्याला रेडियम म्हणतो त्यात रेडियम अजिबात नसतं आणि ते स्वतः चमकतही नाही. त्यात काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात आणि ते आलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात. म्हणून बाजूला उभ्या असलेल्याला ती साधी पट्टी वाटते आणि गाडीवाल्याला दिवा. गेल्या जानेवारीत आम्ही विंगमधून वर्गणी काढून लाल पट्टीचे रोल आणले आणि कारखान्याच्या रस्त्यावर दोन रात्री उभे राहिलो. ट्रॉलीवाले थांबायचे, हसायचे, चिकटवू द्यायचे. एकाने मात्र सुनावलं, "रेडियम लावलेलंच असतंय ओ साहेब, वरनं पाला लोंबतोय त्याचं काय?" खरंच होतं. फळीवर लावलेली पट्टी वाढ्यांनी पूर्ण झाकली होती. मग आम्ही खालच्या अँगलला, चाकांच्या मधल्या पट्टीला लावायला लागलो. चिखल उडतो तिथे, पण फडक्याने पुसता येतो.

तिथून परतताना पहाटे पाचला मेसचे दोन मावशी-काका सायकलवर येताना भेटले. सायकलला ना लाइट ना रिफ्लेक्टर, अंगात काळपट स्वेटर. रोज याच वेळी, याच रस्त्याने येतात, आपला चहा त्यांच्याच हातचा. आम्हाला ट्रॉल्या दिसल्या आणि हे दिसले नव्हते. उरलेली पट्टी त्यांच्या मडगार्डला आणि पेडलना लावली. पेडल वर-खाली होतं, त्यामुळे ते लांबून ओळखू येतं. स्टाफपैकी जे पहाटे फिरायला जातात, त्यांनीही एक हाताला गुंडाळावी ही विनंती.

आणि देव न करो, पण रस्त्यात अपघात दिसलाच, तर आधी आपली गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली घ्या, इंडिकेटर चालू ठेवा आणि एकाला बॅटरी घेऊन बरंच मागे पाठवा, नाहीतर मागून येणारा त्याच गर्दीत घुसतो. १०८ लावा. पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार, ही भीती आता नको. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं, त्यानुसार मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, नाव-पत्ता सांगायचीही सक्ती नाही. आमच्या ट्रॅक्टरवाल्याला हे काही माहीत नव्हतं, तरी तो थांबला. काम झाल्यावर लावलेले दगड उचलून बाजूला टाकले तेही त्यानेच.

पार्टनर आता काठीशिवाय चालतो. एक वर्ष मागे पडलाय, माझ्या वेळी जमलेल्या नोट्स त्याच्याकडे आहेत. गेल्या आठवड्यात प्रथमच माझ्यामागे बसला, स्वतःचं हेल्मेट घालून. पूर्ण रस्ता माझ्या खांद्यावरून काटा बघत होता. पंचेचाळीसच्या वर गेलो की पाठीत बोट टोचायचा. ढाब्यावर पोचायला नेहमीपेक्षा चारेक मिनिटं जास्त लागली, अंडाकरी संपली नव्हती.

लाल पट्टीचा एक रोल अजून आमच्या खोलीत आहे. ज्याला हवी त्याने कात्री घेऊन यावं.